पूजेची सुई

शिरोली एमआयडीसी
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ती. शिवकुमारमामा यांस,
सुष्मिताचे शरणु शरणार्थी.

मामा, हे पत्र गगनबावड्याच्या एसटीचे कंडक्टर राजवीर यांच्या हातात दिलंय. कानाचं मशीन तुम्ही घालत नाही, फोन डाळीच्या डब्यात ठेवता, असं मामी म्हणतात. मग मी बोंबलायचं तरी कुठं? रजा मागितली तर साहेब म्हणाले, आधी मशीन नीट कर, मग कुठं जायचं तिथं जा.

तुमची सगळी नोकरी डिस्टिलरीच्या लॅबमध्ये गेली, म्हणून माझं काम आधी सांगते. इथली एक कंपनी तान्ह्या बाळांच्या नळ्या बनवते आणि त्या तपासायला आमच्या लॅबकडं पाठवते. जी बाळं अंगावर पिऊ शकत नाहीत, त्यांना नाकातून पोटात दूध घालायची बारीक नळी. जंतू मारायला त्या नळ्या विषारी वायूत ठेवतात, आणि नंतर तो वायू नळीत किती उरलाय ते मी गॅस क्रोमॅटोग्राफवर, आपल्या जीसीवर, मोजते. जास्त उरला असेल तर माल परत हवेवर ठेवायचा. कमी असेल तर माझी सही, आणि माल दवाखान्यात.

मशीन तुमच्याकडं होतं तसंच आहे, नुसतं रंगानं वेगळं. तोंडावर तोच सेप्टम, शर्टाच्या बटणाएवढी रबराची चकती. आमच्याकडं झाडलोट करणारी तानाबाई त्याला टिकली म्हणते. सुई त्यातून आत जायची, वायू सोडायचा, सुई बाहेर, आणि रबर आपोआप मिटायचं. तुमच्याकडं एक चकती शंभर टोचण्या सोसायची की! माझी पंधरा टोचण्यांत जाते. नुसती चिरत नाही मामा, तिचे कण निघतात. खालच्या काचेच्या नळीत रवा पडल्यासारखा रबराचा चुरा सापडतो. तीन तारखेपासून हे चाललंय. सात दिवसांत नऊ चकत्या गेल्या. डब्यात सात उरल्यात, आणि नव्या दिवाळीनंतर येणार.

लॅबचे धैर्यशील साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा हात जड हाय, भाकरी थापायला बरा." तुमच्या हाताखाली शिकलेला हात आहे हा. मला रडू आलं, पण तिथं रडले नाही.

काय चुकतंय ते सांगा. लगेच सांगा.

तुमची,
सुष्मिता

*

गगनबावडा
शनिवार, ११ ऑक्टोबर

चि. सुष्मिता हिस शिवकुमारमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तुझा सायब भाकरीची भाषा करतो म्हणजे त्याला सेप्टम कशाशी खातात ते ठाऊक न्हाय. त्याचं सोड, माझं ऐक.

चकतीवरचा नट कसा आवळतीस? शिरोलीत समद्या फौंड्र्या, तिथल्या माणसाला नट म्हटलं की पाना आठवतो. आवळ आवळ आवळतात, करकरल्याशिवाय समाधान न्हाय. अगं, रबर हाय ते! जादा दाबलंस की ते दगड होतंय, मग सुई त्यातनं वाट काढत न्हाय, तुकडा तोडती. मशीन गार असताना बोटानं आवळ, वर अर्धा फेरा, बास. पान्याला हात लावू नकोस.

चकतीला उघडं बोट लावायचं न्हाय, चिमट्यानं उचलायची. घामाचं तेल लागलं की तेबी मशीन इमानदारीनं दाखवतंय. मशीनच्या तोंडाची उष्णता किती ठेवलीस बघ, गरजेपेक्षा जादा असली की रबर भाजून कडक होतंय. सुई सरळ उभी घालायची, दर खेपेला त्याच भोकातनं. आणि चकती फाटायची वाट बघत बसू नकोस. टोचण्या मोज, पाटीवर रेघा मार, ठरलेला आकडा आला की बदल, भले चांगली दिसू दे.

शेवटची गोष्ट. सुईचं टोक कापसातनं ओढून बघ. चांगली सुई कापसातनं लोण्यातनं निघाल्यागत निघती. टोक वाकडं असंल तर तंतू धरून येतो. डोळ्याला दिसत न्हाय, कापसाला दिसतंय.

आता मी इचारतो. तू लिवलंस चकती फाटती. पण फाटलेल्या चकतीतनं वायू बाहेर जातो ना? मग आकडा कमी येणार. तो कमी आलाय का? आणि तू त्यावर सह्या केल्यास का? यावर तुझ्या पत्रात एक अक्षर न्हाय. मला बहिरा म्हण, आंधळा म्हणू नकोस.

मामी म्हणती, तिला रागावू नका. मी रागावलो न्हाय. पण उत्तर दे.

तुझा मामा,
शिवकुमार

*

शिरोली
मंगळवार, १४ ऑक्टोबर

ती. मामा,
शरणु.

नट सैल केला. चिमटा वापरला. उष्णता उतरवली. टोचण्यांच्या रेघा मारल्या. फरक पडला, नाही असं नाही. पंधराच्या जागी बावीस झाल्या. बाविसाव्याला परत चुरा. आता चकत्या तीन उरल्यात. साहेबांनी मेमो दिलाय. वीस तारखेच्या आत मशीन सुरळीत झालं नाही तर "योग्य ती कारवाई". योग्य ती म्हणजे काय ते मला कळतं.

तुम्ही विचारलंत. सांगते.

अकरा सह्या केल्यात.

तुम्हीच शिकवलं होतं, सकाळी माहितीतला नमुना घालून मशीन जुळवायचं, आणि संध्याकाळी बंद करायच्या आधी तोच नमुना परत घालून बघायचं, की मशीन दिवसभर खरं बोललं का. दसऱ्यानंतर माल इतका आला की संध्याकाळचं मी सोडून दिलं. सकाळी नवी चकती, मशीन खरं बोलायचं. दुपारपर्यंत चकती फाटायची, आणि नळ्यांचे नमुने तर मी दुपारीच घालत होते. आकडे छान कमी यायचे. मला वाटलं, कंपनीनं माल चांगला हवेवर ठेवला असेल. कुणाला वाईट वाटतं चांगला आकडा बघून?

सहा तारखेला मनात काय आलं कुणास ठाऊक, संध्याकाळचा नमुना घालून बघितला. शंभर यायला पाहिजे तिथं अठ्ठावन्न आले.

मामा, त्या दिवशी मला कळलं होतं. कळल्यावर थांबायला पाहिजे होतं. पण साहेब दारात उभे, कंपनीचा माणूस खुर्चीत, दिवाळीच्या आधी माल जायचाय. मी त्यानंतरही दोन अहवालांवर सही केली. चुकून नाही. समजून. पहिल्या पत्रात हे लिहायचं धाडस झालं नाही, नुसतं रबराबद्दल लिहिलं. चकती फाटते म्हणून मी रडत नाही हो. अकरापैकी दोन खेपांचा माल बाहेर पडलाय. बाकी नऊ अजून कंपनीच्या गोदामात आहेत असं ऐकलं. बाहेर पडलेल्या दोन्ही मी समजून सही केलेल्याच आहेत.

राखून ठेवलेल्या नळ्या परत मोजाव्यात म्हटलं, तर तो वायू दिवसागणिक आपोआप उडून जातो. आज मोजलं तर आजचा आकडा येईल. ज्या दिवशी नळी बाळाच्या नाकात गेली त्या दिवशी किती होता, ते आता देवालाच ठाऊक.

कापसाचं मी केलं नाही, कारण सुई नवी कोरी आहे. जुनी सप्टेंबरात मोडली, तेव्हा ही एकच आली. तिच्यावर शंका नको. खंडेनवमीला मी तिची पूजासुद्धा केली, अगदी तुम्ही करायचा तशी. पाटावर उभी केली, विभूतीची तीन बोटं ओढली, टोकाला लिंबू टोचलं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उतरवली. तानाबाई म्हणाली, अशी पूजा या लॅबमध्ये कुणी केली नव्हती. एवढं करूनही हे व्हावं? माझ्या हातून देवाचं काही राहिलं का, मामा? अव्वाला सांगितलेलं नाही. तुम्हीही बहिणीला सांगू नका.

सुष्मिता

*

गगनबावडा
बुधवार, १५ ऑक्टोबर

पोरी,

तुझं पत्र राजवीरनं आणून दिलं तवा मी जेवत होतो. ताट तसंच ऱ्हायलं.

लिंबू टोचलंस. अगं माझे आई.

देवाचं काही ऱ्हायलेलं न्हाय. माझं ऱ्हायलंय. आता मी जे लिवतो ते मामीलाबी ठाऊक न्हाय.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीबी तेच केलंतं. लिंबात सुई खुपसली, ती आरपार गेली आणि खाली पाटाच्या लाकडावर टेकली. टोक वाकलं. गळाला असतंय ना, तसं आकड्यागत. दिसायला सुई धडधाकट, पण दर टोचणीला सेप्टमचा घास घ्यायची. वर लिंबाचा रस दोन दिवस धातूला लागलेला. माझ्या सायबानं मला समद्या लॅबसमोर उभं केलंतं. तवापासनं मी एक मोडकी सिरिंज बाजूला ठेवली. दर खंडेनवमीला पाटावर ती मोडकी. विभूती तिला, लिंबू तिला, हार तिला. कामाची सुई कपाटात कुलपाच्या आत. बावीस वर्षं देवाला खोटी सुई दाखवली मी.

सुट्टीत तू यायचीस, माझ्या शेजारी डोळं मिटून हात जोडून उभी ऱ्हायचीस. तुला वाटायचं मामा किती भक्तीनं करतो. मला ते बघायला लै गोड वाटायचं, पोरी. म्हणून सांगितलं न्हाय. बाकी समदं शिकवलं, नट शिकवला, चिमटा शिकवला, कापूस शिकवला. ही एकच गोष्ट लाजंपायी गिळली. आणि तीच नेमकी तू मनापासनं उचललीस.

आता कापूस घे आणि टोक ओढून बघ. तंतू येणार, मला इथं बसून ठाऊक हाय. ती सुई मशीनला लावू नकोस. काचेच्या नळीतला चुरा काढ, नवी नळी घाल. शेजारच्या लॅबकडनं सुई मागून आण, लाज धरू नकोस, लाजंनंच हे केलंय.

आणि सायबाला लिहून दे. अकराच्या अकरा अहवाल चुकीचं. बोलू नकोस, लिहून दे. बोललेलं वाऱ्यावर जातंय. या पत्राबरोबर माझ्या सहीचा कागद घातलाय, त्यात मी लिवलंय की ही पद्धत मी शिकवली, अर्धी शिकवली, चूक माझी हाय. दाखव त्याला. म्हातारा माणूस, माझं काय वाकडं करणार हाईत?

मला झोप न्हाय. उद्याच्या उद्या कळव.

मामा

*

शिरोली
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ती. मामा,

कापसाचा तंतू आला. एक नाही, बोळाच सुईबरोबर आला. तानाबाई शेजारी होती, ती म्हणाली, "आगं बया, ही सुई हाय का बाभळीचा काटा!"

शेजारच्या लॅबनं सुई दिली. काल दिवसभर एकाच चकतीवर चाळीस टोचण्या झाल्या, चुरा नाही, संध्याकाळचा नमुना अठ्ठ्याण्णव. मशीन ठीक झालंय, मामा. पंधरा दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते झालं, आणि मला तीळभरही आनंद नाही.

साहेबांना लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाले, "मशीन नीट झालं ना? मग झालं. वीस तारखेचा मेमो मी मागं घेतो. दिवाळी गोड कर." मी म्हटलं, साहेब, दोन खेपा बाहेर आहेत, बाळांच्या नाकात जातायत. ते म्हणाले, "कमी आकडा आला म्हणजे खरा आकडा जास्तच होता असं कुणी सांगितलं? अठ्ठावन्नचे शंभर केले तरी कदाचित हद्दीतच असंल." मी घरी बसून हिशोब मांडला. पहिली खेप हद्दीत बसते. दुसरी बसतेही आणि नाहीही, चकती त्या वेळी किती फाटली होती त्यावर आहे. आणि ते मला माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं.

तुमचा कागद दाखवला नाही. माफ करा. लिंबू तुमच्यामुळं टोचलं असेल, पण सहा तारखेला अठ्ठावन्न बघून पेन उचललं ते मी. त्यात तुम्ही कुठं होता?

साहेब असंही म्हणाले, की हे बाहेर गेलं तर लॅबचा परवाना जाईल, चौदा माणसं घरी बसतील, त्यात तानाबाईसुद्धा. ती विधवा आहे, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी काय करू? गप्प बसले तर नोकरी आहे, सगळ्यांची दिवाळी आहे, आणि रोज अंघोळ करताना मला ती नळी दिसणार. बोलले तर चौदा घरांची चूल माझ्यामुळं विझणार. आगीतून निघाले तर फुफाटा. सांगा ना काहीतरी. नेहमी सांगता तसं एक, दोन, तीन करून सांगा.

सुष्मिता

*

गगनबावडा
शनिवार, १८ ऑक्टोबर

सुष्मिता,

एक, दोन, तीन काय न्हाय यात.

सायबाची परवानगी कशाला मागतीस? अहवालावर सही कुणाची हाय? त्याची असती तर त्याला इचारलं असतं. तुझी हाय, तर ती परत घ्यायचा अधिकारबी तुझाच हाय. लॅबचं काय व्हायचं ते होईल. सुई बदलली, चूक कबूल केली म्हणून लगेच परवाना जातोच असं न्हाय, हे तुझ्या सायबालाबी ठाऊक हाय. तो तुला तानाबाई दाखवतोय, कारण बाळ दाखवायची त्याची छाती न्हाय.

तुझ्या दुसऱ्या खेपेचा हिशोब मीबी मांडला. मलाबी जमला न्हाय. जमत न्हाय म्हणजेच नळी काढायला पाहिजे.

माल कुठं गेला ते मालाच्या चलनावर असणार. जा. मी आलो असतो, पण मला कुणी काय इचारलं तर ऐकू येणार न्हाय, आणि तिथं ऐकून घ्यायचंच काम हाय.

माझा कागद दाखवला न्हाईस ते चुकलंस. पण तुझ्याजागी मीबी दाखवला नसता.

मामा

*

कोल्हापूर
शनिवार, २५ ऑक्टोबर

ती. मामा,
शरणु शरणार्थी.

आठ दिवस लिहिलं नाही. तुम्ही रोज राजवीरच्या गाडीला उभे राहत होता, असं तो म्हणाला. माफ करा.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी नळीच्या कंपनीला लिहून दिलं, माझ्या नावानं, माझ्या सहीनं, की अकराही अहवाल मी मागं घेते. त्यांनी निदान आरडाओरडा न करता गोदामातला माल थांबवला. पहिली खेप एका व्यापाऱ्याकडं तशीच पडून होती, खोकं फोडलेलंसुद्धा नव्हतं. दुसरी पेठ वडगावच्या एका दवाखान्यात पोचलेली. कंपनीचा माणूस म्हणाला, दिवाळी संपली की आणतो. मी म्हटलं, दिवाळी संपायची वाट बाळ बघणार का? सोमवारी सकाळी मी एकटीच बस धरून गेले.

साहेबांनी त्याच सोमवारी मला कामावरून कमी केलं. लॅब चालू आहे. तानाबाई कामावर आहे. तिनं फराळाचा डबा पाठवला होता, चिठ्ठी नव्हती.

वडगावला डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं हाकलून देतील. ते शांतपणे ऐकत होते, आणि ऐकता ऐकताच उठून आत गेले. खोक्यातल्या सहा नळ्या वापरल्या होत्या. पाच बाळं घरी गेलेली. त्यांच्या घरी डॉक्टरांनी माझ्यादेखत फोन लावले, सगळ्यांना तपासायला बोलावलं. चार नंतर येऊन गेली, ठीक आहेत असं डॉक्टरांकडून कळलं. पाचवं कागलकडचं, ते लोक फोन उचलत नाहीत. डॉक्टर माणूस पाठवणार होते. पाठवला का, ते मला अजून कळलेलं नाही.

सहावी नळी आत होती. बाळाच्या नाकात.

मामा, माझ्या तळहाताएवढी मुलगी. सिस्टरनं चिकटपट्टी सोडवली आणि हळू हळू नळी ओढून काढली. मी मोजत होते का कुणास ठाऊक, पण ती नळी संपेचना. मुलीला रडायची ताकद नव्हती, तोंड नुसतं उघडलं. नाकपुडीच्या आत लाल झालं होतं. डॉक्टर म्हणाले, नळीनं असं होतंही कधी कधी, वायूचंच असेल असं नाही, लक्ष ठेवू. बघा, इथंही तेच. असेलही, नसेलही.

बाहेर बाकावर तिची आजी बसली होती, बसव्वा नावाची, सीमेपलीकडच्या गावची. आत काय चाललंय ते तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. इतकंच कळलं होतं, की कोल्हापूरहून कुणी मॅडम आल्या आणि त्यांनी खराब नळी काढायला लावली. मी बाहेर आले तशी ती उठली, माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. मराठी-कानडी मिसळून, मला धाकटी बहीण म्हणत, म्हणाली, "तंगी, तू आलीस म्हणून माझं लेकरू वाचलं. तुला शंभर वर्षं आयुष्य दे म्हणते शिवाला."

मी तसंच निघून आले असते तर चाललं असतं. तिला काही कळलं नसतं. गाडीला दहाच मिनिटं होती. डॉक्टरांनीही डोळ्यानं खुणावलं, की जा आता.

पण तिचा हात इतका गरम होता, मामा, मला तो आशीर्वाद घेववेना. मी म्हटलं, "आजी, ती नळी चांगली आहे असं मीच लिहून दिलं होतं. माझीच सही होती. मला माहीत असून केली होती."

तिला आधी समजलं नाही. मी परत सांगितलं, मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं. मग समजलं.

तिनं माझे हात सोडले, पदरानं स्वतःचे हात पुसले, आणि आत नातीकडं गेली.

तुमची,
सुष्मिता